भुताटकीचे गंध

ज्या वासाचा उगम आसपास सापडत नाही आणि त्यामुळे ज्याचा संबंध मृत व्यक्ती, पिशाच किंवा दैवी शक्ती यांच्या उपस्थितीशी जोडला जातो, अशा वासांना सर्वसाधारणपणे भुताटकीचे गंध म्हटले जाते. बंद खोलीत अचानक येणारा फुलांचा सुवास, दिवंगत नातलगाच्या तंबाखूचा किंवा अत्तराचा वास, कुजट दुर्गंध आणि जळल्याचा वास हे त्यांचे नेहमी सांगितले जाणारे प्रकार आहेत. अशा अनुभवांचे उल्लेख जगातील अनेक धर्मांत व लोकपरंपरांत आढळतात. विज्ञानाच्या दृष्टीने त्यांची कारणे मुख्यतः तीन ठिकाणी शोधली जातात : परिसरातील प्रत्यक्ष रसायने, नाक व मेंदूचे विकार आणि मनावरील सूचनेचा प्रभाव. यांपैकी काही कारणे जीवघेणी असल्याने या विषयाला वैद्यकीय व सामाजिक महत्त्व आहे.

स्वरूप

अशा गंधांच्या वर्णनांत काही गोष्टी वारंवार येतात. वास एकाएकी येतो, थोडा वेळ टिकतो आणि नाहीसा होतो. तो खोलीच्या एका भागातच जाणवतो, किंवा उपस्थितांपैकी एकालाच येतो. लोकसमजुतीनुसार सुवास हा सज्जन आत्म्याचा, देवतेचा अथवा संताचा मानला जातो, तर दुर्गंध हा अतृप्त किंवा दुष्ट शक्तीचा मानला जातो. वास दिसत नाही, मोजता येत नाही आणि त्याची दिशा ठरवणे कठीण असते. त्यामुळे दृश्य किंवा ध्वनी यांच्या तुलनेत त्याची शहानिशा करणे अवघड जाते.

धार्मिक व लोकपरंपरा

प्राचीन परंपरा

युरिपिडीस या ग्रीक नाटककाराच्या ‘हिपोलिटस’ या शोकांतिकेत (इ.स.पू. ४२८) मरणासन्न नायक आर्टेमिस देवीचे अस्तित्व तिच्या दिव्य गंधावरून ओळखतो. जरथुश्त्री परंपरेत मृत्यूनंतर पुण्यवान आत्म्याला दक्षिणेकडून सुगंधी वारा, तर पापी आत्म्याला उत्तरेकडून दुर्गंधी वारा येतो असे वर्णन आहे.

आयुर्वेदात गंधाचा संबंध भुतांपेक्षा मृत्युसूचक चिन्हांशी, म्हणजे अरिष्टलक्षणांशी अधिक येतो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात ज्या माणसाच्या अंगाला रात्रंदिवस नाना फुलांसारखा वास येतो त्याला ‘पुष्पित’ म्हटले असून तो वर्षभरात मरण पावतो असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत सुगंध दुर्गंधासारखा आणि दुर्गंध सुगंधासारखा भासणे हे अशुभ लक्षण मानले आहे. ‘भूतविद्या’ ही आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक असून राई, कडुनिंबाची पाने, तूप इत्यादींच्या धुरीचा उपयोग बाधानिवारणासाठी सांगितलेला आहे.

ख्रिस्ती परंपरेत संतांच्या देहातून किंवा थडग्यातून सुवास येण्याच्या अनेक कथा आहेत. स्पेनमधील संत तेरेसा आणि इटलीतील पाद्रे पिओ यांच्याविषयी अशा आख्यायिका प्रसिद्ध आहेत. १५५२ मध्ये चीनजवळील एका बेटावर निधन पावलेले संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आला. तो आज जुने गोवे येथील बॉम जिझस बॅसिलिकेत आहे. देह न कुजण्याच्या श्रद्धेला सुवासाच्या आख्यायिकेचीही जोड आहे.

महाराष्ट्र

महाराष्ट्रातील लोकसमजुतींत मुंजा, हडळ, वेताळ, खवीस, झोटिंग, ब्रह्मराक्षस अशा अनेक योनी मानल्या जातात. तिन्हीसांजेला किंवा भर दुपारी सुगंधी फुले माळून अथवा अत्तर लावून पिंपळाखालून, नदीकाठाने किंवा स्मशानावरून जाऊ नये, अशी ताकीद मुलींना व नवविवाहितांना दिली जात असे. या समजुतीत गंध हे भुताच्या येण्याचे चिन्ह नसून भुताला आकृष्ट करणारे कारण आहे.

वासाचा न येण्याशीही अर्थ जोडला जातो. मीठ, मोहरी व लाल मिरच्यांनी दृष्ट काढून त्या विस्तवात टाकल्यावर ठसका बसला नाही किंवा खाट आली नाही, तर ‘दृष्ट लागली होती’ असे समजतात. बाळ-बाळंतिणीला दिली जाणारी धुरी आणि संध्याकाळी घरात फिरवला जाणारा ऊद किंवा धूप यांच्यामागेही बाधा दूर ठेवण्याची कल्पना काही प्रमाणात आहे.

मलय जगत

मलेशिया, सिंगापूर व इंडोनेशियात ‘पोंतियानाक’ या स्त्रीपिशाचाच्या आगमनापूर्वी पांढऱ्या चाफ्याचा सुवास येतो आणि पाठोपाठ कुजट दुर्गंध येतो, अशी समजूत आहे. त्या प्रदेशात हा चाफा दफनभूमीत लावण्याची प्रथा आहे. पतंगांना आकर्षित करण्यासाठी त्याची फुले रात्री अधिक गंध सोडतात. रात्री दफनभूमीजवळ सुवास जाणवण्यास एवढे कारण पुरेसे ठरते.

संशोधनाचा इतिहास

भुताटकीच्या अनुभवांचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी १८८२ मध्ये लंडन येथे ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ ही संस्था स्थापन झाली. तिने केलेल्या भासांच्या पाहणीचा अहवाल १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १७,००० व्यक्तींना विचारलेला प्रश्न पाहणे, स्पर्श होणे आणि आवाज ऐकणे यांपुरता होता. गंधाचा त्यात समावेश नव्हता. त्यामुळे त्या काळातील सर्वांत मोठ्या पाहणीत गंधानुभवांची स्वतंत्र मोजदाद झाली नाही.

वासाच्या बाबतीत सूचनेचा प्रभाव किती असतो, हे अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ एडविन स्लॉसन यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसून आले. त्यांनी वर्गात कापसावर एका बाटलीतील द्रव ओतला आणि वास येताच हात वर करण्यास सांगितले. १५ सेकंदांत पुढच्या रांगेतील बहुतेकांचे हात वर झाले. ४० सेकंदांत हा ‘वास’ मागच्या रांगांपर्यंत पोहोचला आणि अखेरीस सुमारे तीन-चतुर्थांश श्रोत्यांनी तो येत असल्याचे सांगितले. पुढच्या रांगेतील काहींना त्रास होऊ लागल्याने प्रयोग थांबवावा लागला. बाटलीत केवळ ऊर्ध्वपातित पाणी होते.

१९७७ मध्ये मायकेल ओमाहनी यांनी इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीवरून असाच प्रयोग केला. विशिष्ट ध्वनीद्वारे गंध प्रक्षेपित करता येतो असे सांगून एक स्वर ऐकवला गेला. त्यानंतर अनेक प्रेक्षकांनी गवत किंवा इतर वास आल्याचे कळवले.

घ्राणेंद्रियाची कार्यपद्धती

नाकाच्या वरच्या भागातील त्वचेसारख्या पातळ थरात गंधग्राही चेतापेशी असतात. मानवात सुमारे ४०० प्रकारची कार्यक्षम गंधग्राहके आहेत. त्यांचे संकेत एकत्रितपणे वाचून मेंदू वास ओळखतो. गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना २००४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दृष्टी, श्रवण व स्पर्श यांचे संकेत प्रथम थॅलॅमस या केंद्रातून जातात. गंधाचे संकेत मात्र घ्राणकंदातून थेट भावना व स्मृतीशी निगडित भागांकडे जातात. म्हणूनच एखाद्या वासाबरोबर जुनी आठवण अचानक आणि तीव्र भावनेसह जागी होते. वास कशाचा आहे हे नेमके सांगता येण्याआधीच तो ‘कोणाचा’ आहे असे वाटू शकते.

नाक सतत येणाऱ्या वासाला लवकर सरावते. त्यामुळे प्रत्यक्ष वास कायम असला तरी तो ‘नाहीसा झाला’ असे वाटते. खोलीबाहेर जाऊन परत आलेल्या व्यक्तीला तो पुन्हा जाणवतो. एका व्यक्तीला येणारा वास दुसऱ्याला न येणे हेही अस्वाभाविक नाही, कारण गंधग्राहकांत व्यक्तीपरत्वे आनुवंशिक फरक असतात.

संभाव्य कारणे

परिसरातील कारणे

जुन्या घरांत वास साठण्याच्या व पुन्हा बाहेर पडण्याच्या अनेक जागा असतात. भिंती, लाकूड, गाद्या व पडदे तंबाखूच्या धुरातील द्रव्ये शोषून घेतात आणि उष्णता किंवा दमटपणा वाढल्यावर ती पुन्हा हवेत सोडतात. त्यामुळे धूम्रपान करणारी व्यक्ती हयात नसतानाही तो वास येऊ शकतो. न्हाणीघराच्या मोरीच्या वाकड्या नळीतील पाणी बराच काळ वापर नसल्यास आटते आणि गटारातील वायू घरात शिरतो. छतात किंवा भिंतीच्या पोकळीत मेलेला उंदीर कुजत असल्यास काही दिवस दुर्गंध येतो व नंतर आपोआप थांबतो. विजेच्या जोडण्यांतील प्लास्टिक तापल्यास मासळीसारखा वास येतो.

वनस्पती व प्राणी हेही महत्त्वाचे स्रोत आहेत. रातराणी व पारिजातक रात्री फुलतात. पावसाळा संपल्यानंतर बहरणाऱ्या सातविणीचा उग्र गंध संध्याकाळनंतर दूरवर पसरतो. या झाडाला इंग्रजीत ‘डेव्हिल ट्री’, म्हणजे सैतानाचे झाड, असे नाव आहे. घरांच्या माळ्यावर वावरणाऱ्या उदमांजराच्या ग्रंथींतून सुवासिक तांदळासारखा वास येतो. असाच वास वाघाच्या गंधखुणेतही असतो. त्याला कारणीभूत असलेले रसायन बासमती तांदळातही आढळते, हे रतनलाल ब्रह्मचारी यांच्या संशोधनातून पुढे आले.

वैद्यकीय कारणे

प्रत्यक्षात नसलेला वास येण्याला वैद्यकशास्त्रात ‘फँटॉस्मिया’ म्हणतात, तर असलेला वास विकृत स्वरूपात जाणवण्याला ‘पॅरोस्मिया’ म्हणतात. सर्दी-पडसे, सायनसचा दाह, नाकातील मांसवृद्धी, डोक्याला झालेली इजा, अर्धशिशी, पार्किन्सन विकार व काही मानसिक आजार ही फँटॉस्मियाची ज्ञात कारणे आहेत. कोविड-१९ नंतर दोन्ही विकारांच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर नोंदल्या गेल्या. अमेरिकेत ४० वर्षांवरील सुमारे ७,४०० व्यक्तींच्या पाहणीत ६.५ टक्के, म्हणजे साधारण १५ जणांत एकाला असा आभासी वास येत असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक होते.

मेंदूच्या शंखखंडातून उद्भवणाऱ्या अपस्माराच्या झटक्याआधी काही रुग्णांना क्षणभर, बहुधा अप्रिय, वास येतो. ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ जॉन ह्युलिंग्स जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा झटक्यांचे वर्णन केले. त्यासोबत भीती, पूर्वी घडल्याची जाणीव किंवा स्वप्नवत अवस्था येऊ शकत असल्याने रुग्णाला हा अनुभव अलौकिक वाटतो. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांना जळक्या रबराचा वास येत असे. त्यांचा त्रास प्रारंभी मानसिक समजला गेला, परंतु १९३७ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी मेंदूतील गाठीमुळे त्यांचा मृत्यू झाला.

शोक व स्मृती

जिवलगाच्या मृत्यूनंतर त्याचे अस्तित्व जाणवणे हा सामान्य अनुभव आहे. वेल्समधील डॉक्टर डेवी रीस यांनी २९३ विधवा व विधुरांच्या मुलाखती घेतल्या. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार जवळपास निम्म्या व्यक्तींना दिवंगत जोडीदाराची उपस्थिती जाणवणे, दिसणे किंवा आवाज ऐकू येणे असे अनुभव आले होते आणि त्यांतील बहुतेकांनी ते कोणाला सांगितले नव्हते. दिवंगताच्या कपड्यांचा, तेलाचा किंवा विडीचा वास येणे हाही अशाच अनुभवांचा भाग मानला जातो. हे अनुभव स्वतःहून आजाराचे लक्षण नसतात आणि अनेकांना त्यांतून दिलासा मिळतो.

धोके

अनाकलनीय वासाला भुताटकी समजून त्याच्या कारणाचा शोध न घेणे धोकादायक ठरू शकते. स्वयंपाकाच्या वायूला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे इथिल मरकॅप्टन मिसळलेले असते. गटारे व मलकुंडांत तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, परंतु हवेतील प्रमाण दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास पोहोचल्यावर नाक बधिर होते. अशा वेळी वास थांबणे हे धोका टळल्याचे नव्हे, तर वाढल्याचे लक्षण असते. गाढ झोपेत वासाने जाग येत नाही, त्यामुळे धुराच्या बाबतीत केवळ नाकावर विसंबता येत नाही.

कार्बन मोनॉक्साइड या वायूला कोणताही वास नसतो, मात्र त्याच्या विषबाधेने डोकेदुखी, थकवा, धाप आणि भास होऊ शकतात. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी १९२१ मध्ये एका कुटुंबाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जुन्या घरात राहायला गेल्यावर या कुटुंबाला पावलांचे आवाज व अनोळखी आकृत्या जाणवू लागल्या, सर्वांची प्रकृती ढासळली आणि कुंड्यांतील झाडे मरू लागली. तपासाअंती घर तापवणाऱ्या भट्टीतील बिघाडामुळे धूर धुराड्याऐवजी खोल्यांत शिरत असल्याचे आढळले. भट्टी दुरुस्त झाल्यावर त्रास थांबला. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गिझर आणि हिवाळ्यात खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगड्या यांमुळे याच वायूची विषबाधा होण्याचा धोका असतो.

कायदा व प्रबोधन

आभासी वास येणाऱ्या व्यक्तीला ‘बाधा झाली’ असे समजून मांत्रिकाकडे नेल्यास अपस्मार, मेंदूतील गाठ किंवा मानसिक आजार यांचे निदान लांबते. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती अशा प्रकारांविरुद्ध प्रबोधन करत आली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे आणि भुताची भीती घालून वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हे या कायद्यानुसार गुन्हे आहेत. व्यक्तीची श्रद्धा किंवा तिला आलेला अनुभव हा मात्र गुन्हा ठरत नाही.

साहित्य व चित्रपट

गंधावरून भुताची चाहूल लागणे ही भयकथांतील परिचित कल्पना आहे. डोरोथी मॅकार्डल यांच्या कादंबरीवर आधारित ‘द अनइन्व्हाइटेड’ (१९४४) या अमेरिकन चित्रपटात मिमोसा फुलांचा सुवास हे आत्म्याच्या उपस्थितीचे चिन्ह आहे. गंध पडद्यावर दाखवता येत नसल्याने तो पात्रांच्या प्रतिक्रियांतूनच सूचित केला जातो.

हे सुद्धा पहा

घ्राणेंद्रिय
अपस्मार
कार्बन मोनॉक्साइड विषबाधा
भूतविद्या
महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती