सुतारमेट

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता. तरी तेथील गांवगाडाही बलुतेदारांवरच चाले. बाभळीचे नांगर घडविणारा सुतार सुगीला धान्यरूपानें बलुतें घेई. त्याच्या मेटावर म्हातारा बाप पटाशीला धार लावी, तरुण मुलगा रंधा मारी. विद्या अशी हातोहात उतरे. १९०३ सालीं किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला आणि पुढें मेटाचें काम आटत गेलें.

दूर ऑस्ट्रेलियांत मात्र गूलवा येथें १९९३ मध्यें वृद्ध पुरुषांसाठीं सार्वजनिक कामशाळा निघाली. पुढें तशा शेंकडों झाल्या, आणि त्यांत आतां तरुणही येऊं लागले आहेत. आमच्या मेटांत पिढ्या एकत्र बसत, पण दार एकाच जातीला उघडें असे. तें सर्वांस उघडून, वृद्ध कारागिरांस गुरुस्थानीं बसवून, मेट पुन्हां मांडावें. शिकणारे हात आपोआप येतील.