बुधवार आणि शनिवार

१९ मार्च १९१९, बुधवार : टोरोंटो १४, रजायना ३. २२ मार्च, शनिवार : टोरोंटो १५, रजायना ५. कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीच्या राष्ट्रीय विजेतेपदाची नोंदवही या दोन ओळींनी उघडते. दोन सामने खेळायचे, दोहोंतल्या गोलांची बेरीज करायची आणि जास्त बेरीज ज्याची तो विजेता, असा तेव्हाचा नियम. २९–८ अशा बेरजेवर मेमोरियल कप ‘युनिव्हर्सिटी ऑफ टोरोंटो स्कूल्स’ या शाळेच्या संघाकडे गेला. दोन्ही सामने टोरोंटोच्या म्युच्युअल स्ट्रीटवरील अरीना गार्डन्समध्ये झाले. एवढं निश्चित आहे. निश्चित नाही ते कारण. एका अख्ख्या पश्चिमेचा विजेता शाळकरी मुलांपुढे एवढा कसा कोसळला?

कारणाकडे वळण्याआधी त्याच तारखांची दुसरी नोंद पाहू. १९ आणि २२ मार्चलाच सिॲटलमध्ये व्यावसायिकांच्या स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेतले पहिले दोन सामने झाले. ती मालिका तडीस गेली नाही. इन्फ्लुएंझानं पाहुण्या माँट्रियल संघाचे खेळाडू अंथरुणाला खिळले, १ एप्रिलचा निर्णायक सामना रद्द झाला आणि ५ एप्रिलला जो हॉल हा त्यांचा बचावपटू सिॲटलमध्येच वारला. ‘मालिका अपूर्ण’ अशा अर्थाची ओळ त्या कपवर कोरली गेली ती १९४८ साली, म्हणजे तब्बल २९ वर्षांनी. धातूवर कोरलेला मजकूरही समकालीन असेलच असं नाही, ही सावधगिरी चषकांच्या अभ्यासकानं सतत बाळगायला हवी.

मेमोरियल कप ऑन्टॅरिओ हॉकी असोसिएशननं १९१९च्या मार्चमध्ये दिला. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कॅनेडियन सैनिकांचं स्मारक हा त्याचा घोषित हेतू. कल्पनेचं श्रेय किंग्स्टनच्या कॅप्टन जेम्स सदरलंड यांना दिलं जातं. ते असोसिएशनचे माजी अध्यक्ष होते आणि स्वतः युद्धावर जाऊन आले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे किंग्स्टनचे दोन खेळाडू होते असंही वारंवार लिहिलं जातं : ॲलन ‘स्कॉटी’ डेव्हिडसन आणि जॉर्ज रिचर्डसन.

इथे साक्षीदार पारखून घ्यावा लागतो. बखरीतली हकिकत अस्सल कागदाशी ताडून पाहण्याची आपली जुनी रीत इथेही उपयोगी पडते. हेच सदरलंड पुढे आइस हॉकीचा जन्म किंग्स्टनला झाला असं हिरिरीनं मांडत राहिले, आणि १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ज्या समितीत होते तिनं निकालही तसाच दिला. माँट्रियलमधल्या ३ मार्च १८७५च्या बंदिस्त सामन्याची वर्तमानपत्री नोंद मात्र त्या दाव्याच्या आड येते. गावाच्या अभिमानापायी पुरावा ताणणारा हा गृहस्थ आहे, हे ध्यानात ठेवायचं.

तरीही या बाबतीत कागद त्यांच्या बाजूचे आहेत. डेव्हिडसन किंग्स्टनच्या फ्राँटेनॅक संघात त्यांच्याच हाताखाली तयार झाला. १९११ साली त्या संघानं ऑन्टॅरिओचं ज्युनिअर विजेतेपद मिळवलं आणि १९१४ साली स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या टोरोंटो संघाचा डेव्हिडसन कर्णधार होता. १६ जून १९१५ला तो फ्रान्समध्ये पडला. थडगं ठाऊक नसलेल्या ११,२८५ कॅनेडियन सैनिकांची नावं व्हिमीच्या स्मारकावर आहेत, त्यांत त्याचं नाव आहे. रिचर्डसन ९ फेब्रुवारी १९१६ला गेला. क्वीन्स विद्यापीठाचं क्रीडांगण त्याच्या नावानं ओळखलं जातं. दोघेही एकाच पलटणीतले, दुसऱ्या बटालियनचे. सदरलंड यांच्या मनात नेमकं कोण होतं हे कागद सांगणार नाहीत. पण हे दोघे नव्हते असं मानणं मला अवघड जातं.

कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं त्या युद्धातल्या सहा लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली सर्वांना खुल्या केल्या आहेत. भरतीची तारीख, उंची, छातीचा घेर, डोळ्यांचा रंग, धर्मपंथ, सगळं त्यांत लिहिलेलं. ज्यांच्या स्मरणार्थ चषक दिला त्यांची छाती किती इंच होती हे आपण सांगू शकतो. ज्यांनी तो जिंकला त्यांच्या हंगामाबद्दल बोलताना मात्र मुख्यतः गोलांच्या आकड्यांवर भिस्त ठेवावी लागते.

पराभूत संघाच्या नावातही युद्ध आहे. ‘रजायना पॅट्रिशिया हॉकी क्लब’ १९१७चा. नाव राजकन्या पॅट्रिशियावरून की तिच्या नावानं १९१४ साली उभारलेल्या पलटणीवरून, याची दोन्ही उत्तरं दिली जातात. पलटणीचं नावच तिच्यावरून असल्यानं हा वाद फार लांबवण्यात अर्थ नाही. मराठी वाचकाला इथे एक ओळखीचा धागा सापडेल. तिचे वडील, ड्यूक ऑफ कॅनॉट, कॅनडाचे गव्हर्नर जनरल होण्याच्या कितीतरी आधी, १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती होते आणि पॅट्रिशियाच्या बालपणातली काही वर्षं हिंदुस्थानात गेली. तारखा जुळवताना आणखी एक गंमत हाती लागते. २७ फेब्रुवारी १९१९ला तिनं एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि राजकन्येची पदवी सोडली. रजायनाची मुलं टोरोंटोच्या बर्फावर उतरली तेव्हा त्यांची राजकन्या तीन आठवड्यांपूर्वीच ‘लेडी पॅट्रिशिया रॅम्से’ झाली होती.

आता त्या २९–८कडे. पहिलं स्पष्टीकरण सहज सुचणारं : लांबचा रेल्वेप्रवास आणि परका बर्फ. अरीना गार्डन्समध्ये १९१२पासून कृत्रिम बर्फ होता. प्रेअरीतल्या बहुतेक रिंकांवर थंडी पडेल तसा बर्फ. स्पष्टीकरण पटण्याजोगं आहे, पण आकडे त्याला साथ देत नाहीत. शीण आणि नवखेपणा हे कारण असतं, तर तीन दिवसांनंतर फरक बराच खाली यायला हवा होता. तो अकरावरून दहावर आला. पुढच्या वर्षीच्या अंतिम फेरीत मात्र मॅनिटोबाचा सेलकर्क संघ टोरोंटो कॅनू क्लबकडून आधी १–१० असा आणि मग केवळ ४–५ असा हरला. सरावल्यावर फरक असा मिटतो. १९१९ साली तो मिटला नाही. आणि १९२१ साली तर विनिपेगच्या ज्युनिअर फाल्कन्सनी टोरोंटोत पाऊल ठेवताच स्ट्रॅटफर्डला ९–२ असं हरवलं, दुसरा सामना २–७ असा गमावूनही ११–९ या बेरजेवर कप नेला. तसाच लांबचा प्रवास, तेच मैदान.

दुसरं स्पष्टीकरण युद्धाचं : ऐन वयाची मुलं फौजेत, मागे उरलेला संघ कच्चा. पण टोरोंटोची मुलंही त्याच वयाची होती आणि त्यांचा प्रांतही त्याच युद्धात होता. भरतीचा फटका दोघांना असमान बसला असेल. तो इतका असमान होता, हे सिद्ध करणारं काही माझ्यासमोर नाही.

उरतं ते तिसरं, सगळ्यात साधं. शाळेचा संघ खरोखरच फार वरचा होता. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत त्यानं माँट्रियलच्या मेलव्हिल संघाला ८–२ असं हरवलं होतं, आणि त्या संघाला तर रजायनाएवढा प्रवास नव्हता. कर्णधार डंक मन्रो पुढच्या वर्षी कॅनू क्लबकडून पुन्हा मेमोरियल कप जिंकला, १९२४ साली शामोनीच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आला आणि १९२६ साली माँट्रियल मरून्सकडून स्टॅन्ली कपही. एका खेळाडूच्या पुढच्या कारकिर्दीवरून अख्खा संघ तोलणं धोक्याचं, हे मान्य. तरी तिन्हींत मी याच स्पष्टीकरणाला झुकतं माप देतो, पूर्ण नव्हे.

पूर्ण न देण्याचं कारण १९२२च्या नोंदीत आहे. त्या वर्षी रजायना पॅट्स, म्हणजे तोच पॅट्रिशिया क्लब, पुन्हा अंतिम फेरीत पोचले आणि फोर्ट विल्यमच्या वॉर व्हेटरन्स संघाकडून हरले : एकूण गोल ७–८. तीन वर्षांत फरक एकवीसवरून एकावर आला. टोरोंटोच्या एका असामान्य संघानं १९१९चा आकडा फुगवला की पश्चिमेची ज्युनिअर हॉकीच दरम्यान वर आली, हे वेगळं करायचं तर मधल्या प्रत्येक हंगामातले रजायनाचे प्रांतिक सामने एकेक करून मांडावे लागतील.