आधी विकायला बंदी, मग भागीदारीचे आमंत्रण

कॅनडातल्या बँका, खाणकंपन्या आणि सरकारी खाती अलीकडे ‘आर्थिक सलोखा’ हा शब्द सतत वापरतात. आदिवासींबरोबर व्यवसायात भागीदारी करा, त्यांना कंत्राटे आणि नोकऱ्या द्या, म्हणजे जुना अन्याय भरून निघेल, असा त्याचा साधा अर्थ. ऐकायला हे चांगले वाटते. पण यात एक गृहीतक लपलेले आहे. आदिवासी व्यापाराच्या बाहेर होते आणि आता त्यांना कुणीतरी आत आणायचे आहे, असे ते गृहीतक. इतिहास उलटे सांगतो. ते व्यापारात होतेच. त्यांना कायदा करून बाहेर काढले गेले.

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांवर १८८० च्या सुमारास बायसनचे कळप संपले आणि तिथल्या आदिवासींनी शेती हाती घेतली. पैसे एकत्र करून त्यांनी कापणीची यंत्रे घेतली, गहू पिकवला, बाजारात नेला. १८८८ मध्ये बॅटलफोर्ड इथल्या गोऱ्यांची तक्रार आली की हे लोक इतके धान्य पिकवतात की आमची बाजारपेठ जाते. म्हणजे ‘त्यांना शेती जमत नाही’ ही तक्रार नव्हती, ‘फार चांगली जमते’ ही होती!

सरकारने काय केले? १८७६ च्या ‘इंडियन अॅक्ट’मध्ये १८८१ सालीच दुरुस्ती झाली होती. तिच्या आधारे या भागातल्या आदिवासी शेतकऱ्याला सरकारी एजंटच्या लेखी परवानगीशिवाय धान्य विकता येईना. १८८९ मध्ये हेटर रीड या अधिकाऱ्याने पुढचे पाऊल टाकले. छोटा तुकडा कसा, हाताने कापा, हाताने मळा, यंत्र वापरू नका. कारण काय, तर रानटी अवस्थेतून माणूस थेट यंत्रयुगात जाऊ शकत नाही, मधली पायरी चढलीच पाहिजे. कोणी कोणत्या पायरीवर उभे राहायचे हे वरच्याने ठरवायचे, ही भाषा आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. परवानगीचे ते कलम कायद्याच्या पुस्तकातून कधी निघाले? २०१४ मध्ये.

न्यायालयात जायची वाटही बंद केली गेली. जमिनीच्या दाव्यासाठी परवानगीशिवाय निधी गोळा करणे हा १९२७ पासून गुन्हा ठरला, आणि ही बंदी १९५१ पर्यंत टिकली. राखीव वस्तीतली जमीन गहाण टाकता येत नाही. त्यामुळे ती सावकाराच्या हाती जात नाही हे खरे, पण बँकही कर्ज देत नाही. विक्री, यंत्र, दावा, कर्ज अशा चारही बाजू अडवल्यावर जी गरिबी उरली, तिला नाव दिले गेले ‘मागासलेपण’.

हा पेच सुटायला सुरुवात कशी झाली, ते पूर्व किनाऱ्यावरच्या मिकमाक समाजाकडे पाहिले की कळते. १९९३ मध्ये डोनाल्ड मार्शल या मिकमाक माणसाने ४६३ पौंड वाम मासे पकडून ७८७ डॉलर १० सेंटला विकले. परवाना नाही म्हणून खटला झाला. याच मार्शलने त्याआधी न केलेल्या खुनासाठी अकरा वर्षे तुरुंगात काढली होती. १७ सप्टेंबर १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १७६०-६१ च्या करारांनुसार मासे पकडून, विकून बेताचा उदरनिर्वाह करणे हा मिकमाकांचा हक्क आहे. दोन महिन्यांनी न्यायालयानेच खुलासा केला की या हक्काचे नियमन सरकार करू शकते. त्या ‘बेताच्या उदरनिर्वाहा’ची व्याख्या मात्र लटकत राहिली.

निकालाला २१ वर्षे झाली त्या दिवशी, २०२० मध्ये, सिपेकनेकाटिकच्या मिकमाकांनी स्वतःचे परवाने देऊन शेवंड पकडायला सुरुवात केली. त्यांच्यावर जमाव चालून गेले आणि त्यांची शेवंडे ठेवलेली इमारत ऑक्टोबरमध्ये जळून खाक झाली.

आणि त्याच हंगामात दुसरी बातमी आली. मेंबरटूच्या पुढाकाराने सात मिकमाक समूहांनी ‘प्रीमियम ब्रँड्स’ या कंपनीबरोबर मिळून ‘क्लिअरवॉटर सीफूड्स’ ही मासळीउद्योगातली बलाढ्य कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला विकत घ्यायचे ठरवले. जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. निम्मी मालकी मिकमाकांची. ज्या मेंबरटूच्या लोकांना १९१६ च्या न्यायालयीन आदेशाने सिडनी शहरातल्या वस्तीतून उठवले गेले, त्यांचीच ही नातवंडे-पतवंडे. पंचवीस कोटी डॉलर आले ‘फर्स्ट नेशन्स फायनान्स ऑथॉरिटी’कडून. २००५ च्या कायद्याने उभी राहिलेली ही आदिवासींचीच संस्था. अनेक समूह आपल्या उत्पन्नाच्या आधारावर एकत्र येतात, रोखे काढून बाजारातून कर्ज उभे करतात, जमीन गहाण टाकावी लागत नाही.

क्रम लक्षात घ्या. आधी करार, मग न्यायालयात सिद्ध झालेला हक्क, मग स्वतःची पतसंस्था, आणि शेवटी भागीदारी. कंपनीच्या दयाळूपणातून यातले काहीच आले नाही. तरीही कंपनीत हिस्सा मिळाला म्हणून छोट्या होडीवाल्याचा हक्क निकाली निघत नाही. एकाच वर्षात एकीकडे भागधारक झालेले मिकमाक आणि दुसरीकडे जमावाला तोंड देणारे मिकमाक, ही दोन्ही चित्रे खरी आहेत.

म्हणून प्रत्येक भागीदारीला विचारायचा प्रश्न एकच: ‘नाही’ म्हणता येते का? निवासी शाळांच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली ९२ वी उद्योगांसाठी आहे. प्रकल्पाआधी आदिवासींची मुक्त, पूर्वसूचित संमती घ्या, असे ती सांगते. पण सल्लामसलतीचे कर्तव्य सरकारवर टाकणाऱ्या २००४ च्या हायडा निकालाने नकाराधिकार दिला नाही. परिणाम दिसला. कोस्टल गॅसलिंक वायुवाहिनीसाठी कंपनीने मार्गावरच्या सर्व २० निवडून आलेल्या परिषदांशी करार केले. वेट्सुवेटेनच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी विरोध केला, आणि २०२० मध्ये त्यांच्या भूमीवर पोलीस शिरले. सही कोणाची घ्यायची हेही कंपनी आणि १८७६ चा कायदा मिळून ठरवणार असतील, तर ती भागीदारी कसली?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हे अनोळखी नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना वनखाते देईना. ग्रामसभा अडून बसली, तेव्हा २०११ च्या एप्रिलमध्ये परवान्यांचे पुस्तक तिच्या हाती आले. हक्क कागदावर होता, पण बाजाराच्या दाराची किल्ली खात्याच्या खिशात होती.

उद्या आपल्याकडे कोणी भागीदारीचा प्रस्ताव घेऊन आले, तर नफ्याचा टक्का जरूर विचारा. त्याआधी किल्ली कोणाच्या खिशात आहे, ते विचारा.