डाव्या हाताचा इतिहास

माझा एक जुना विद्यार्थी घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत लॅपटॉपवर गाण्यांचं मिक्सिंग करतो. गेल्या महिन्यात त्याने एक गझल ऐकवली. आवाज छान, उच्चार स्वच्छ, हार्मोनियम गोड. ठेका दादऱ्याचा, पण ‘धीं’ कुठला आणि ‘तीं’ कुठला हेच कळेना. विचारलं तर म्हणाला, “सर, डग्गा सगळं गढूळ करत होता. दीडशे हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं. मोबाइलवर तसंही ऐकू येत नाही.”

मला एकदम 1902 साल आठवलं.

त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जानची गाणी तबकडीवर घेतली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचं, कर्ण्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारं मेण. या कर्ण्याला साधारण 200 ते 2500 हर्ट्झपर्यंतचं नीट ऐकू येई. खर्जातल्या ध्वनीची लाट फार लांब असते. 100 हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची. हात-दीड हात रुंद तोंडाच्या कर्ण्यात ती मावायची कशी?

गाणाऱ्याचा आवाज आला, तबल्याची चाटही आली. डग्गा बाहेर राहिला.

यात एवढं काय बिघडलं, असं तबला न शिकलेल्या माणसाला वाटेल. म्हणून जरा थांबतो. ‘धा’ हा बोल एका हाताचा नाही. उजव्या हाताचा ‘ता’ आणि डाव्या हाताचा ‘गे’ एका क्षणी वाजले की ‘धा’ होतो. तसाच ‘तीं’ला डावा हात मिळाला की ‘धीं’. आता तीनताल घ्या. आपल्याकडे सर्रास वाजतो त्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा गप्प असतो आणि चौदाव्याला परत येतो. भरी आणि खाली यांचा सगळा व्यवहार या ये-जा करण्यावर चालतो. डग्गा काढून घेतला की सोळाच्या सोळा मात्रा ‘ता’ आणि ‘तीं’च्या. वर्गात उर्दू शिकवताना मी मुलांना सांगतो, वरचा नुक्ता खाली गेला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. कर्ण्याने तबल्याचे नुक्तेच पुसले होते.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असंही नाही. युरोपातल्या वाद्यवृंदांत कर्ण्यापुढे डबल बास चालेना, तेव्हा त्याच्या जागी ट्यूबासारखी फुंकवाद्यं बसवली जात. 1923 मध्ये अमेरिकेत किंग ऑलिव्हरच्या बँडचं ध्वनिमुद्रण झालं. त्यात बेबी डॉड्स या ड्रमवादकाला आपला संच नीट वाजवायला मिळालाच नाही, लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. मोठ्या ढोलाच्या धक्क्याने सुई उडायची भीती असे. पुढे कित्येकांनी त्या तबकड्या ऐकून ठरवून टाकलं की त्या काळातले ड्रमवादक असंच टकटक वाजवत. साधनाची खोट वादकाच्या माथी मारली गेली.

आपल्या उस्तादांबाबत हा धोका जास्त आहे. तबल्याची विद्या पोथीत नव्हती, हातात होती. लेखी पुरावा तुटपुंजा, त्यामुळे दंतकथांना मोकळं रान. अमीर खुसरोने पखवाज मधोमध तोडून तबला केला ही गोष्ट मीही लहानपणी अभिमानाने सांगितली आहे. पण खुसरोच्या लेखनात या जोडवाद्याचा पत्ता नाही. खात्रीचे पुरावे सापडतात ते अठराव्या शतकातल्या दिल्लीत, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चारशे वर्षांनी. अशा वेळी तबकडी हाच मोठा दस्तऐवज वाटू लागतो. आणि सुरुवातीच्या पंचवीस वर्षांचा तो दस्तऐवज डाव्या बाजूने फाटलेला आहे.

1925 मध्ये विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि तळ शंभर हर्ट्झच्याही खाली गेला. हा फरक कानांनी तपासायचा असेल तर मिरजेच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकाव्यात. त्यांनी 1905च्या सुमारास कर्ण्यापुढे गायलं आणि 1930च्या दशकात मायक्रोफोनपुढेही. गायक तोच. पण दुसऱ्या खेपेच्या तबकड्यांत आवाजाखाली जमीन आहे. तानपुरा आहे, ठेका श्वास घेतो, डग्ग्याचा घुमारा जाणवतो. 1937 मध्ये खाँसाहेब गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मृतीत दरवर्षी गाणं होतं. (संगीत जायज की नाजायज, यावर प्रतिक्रिया देणाऱ्यांना विनंती, तो वाद पुन्हा कधीतरी.)

उस्ताद अहमदजान थिरकवा बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत होते. त्यांचा डावा हात आज आपण ऐकतो तो मुख्यतः उतारवयातल्या ध्वनिमुद्रणांतून. त्यांचे गुरू मुनीर खाँ मुंबईत शिकवत. त्यांचा डग्गा कसा बोलत होता, हे शागिर्दांच्या हातांवरूनच ताडायचं.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो थोडा ओशाळला, पण त्याची अडचण खरी होती. गढूळपणा होताच. मग आम्ही दोघे बसलो. पहिला गुन्हेगार खोली निघाली. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी आणि त्याची दुप्पट उगाच घुमते. त्याची खुर्ची भिंतीला टेकलेली, म्हणजे तळ सर्वांत फुगून ऐकू येतो तिथेच. डग्गा जास्त नव्हता, त्याला जास्त ऐकू येत होता. खुर्ची पुढे ओढली, कोपऱ्यात गाद्या उभ्या केल्या.

दुसरा गुन्हेगार तानपुरा. काळी एकच्या पुरुषी पट्टीत खर्जाची तार 69 हर्ट्झच्या जवळ येते, म्हणजे डग्ग्याच्याच घरात. वर हार्मोनियमचे खालचे सूर. तिथे कापायचं होतं ते यांचं. डग्ग्याला फक्त अडीचशे-तीनशेच्या आसपास, जिथे डबडब होते, तिथे किंचित दाबलं. दोन माइक लावले होते, तर एकाची ध्रुवता उलटवून पाहिली. तसं करताच डग्गा भरून आला. इतके दिवस दोन माइक एकमेकांना खात होते.

राहिला मोबाइल. त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून शंभर हर्ट्झ निघत नाही हे खरंच. पण कान हुशार आहे. मूळ सूर नसला तरी त्याचे वरचे अंश नीट पोहोचले तर मूळ सूर तो स्वतःच भरून घेतो. म्हणून डग्ग्याला अगदी थोडं सॅच्युरेशन दिलं, त्याचे वरचे अंश उजळले. मनगट दाबून काढलेला घिस्सा आता फोनवरही खालून वर चढताना कळतो.

रात्री त्याने नवी प्रत पाठवली. मी ती स्वयंपाकघरात, मोबाइलवर, कुकरच्या शिट्टीच्या अध्येमध्ये ऐकली. दुसऱ्या मात्रेला ‘धीं’ होता, पाचव्याला ‘तीं’.