मेहमूदच्या शेजारी कोण होतं? शुभा खोटे यांची गोष्ट

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, किंवा बसमध्ये शेजारच्याच्या घोरण्यात काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून टाकतोय.

आज एक सोपा प्रश्न. 'शोले'तला कालिया कोण? तुम्ही पटकन सांगाल, विजू खोटे. मीम्समुळे शाळेतल्या पोरांनाही तो चेहरा माहीत आहे. 1975 च्या त्या सिनेमात ते काही मिनिटंच दिसतात, पण नाव पक्कं बसलंय. आता दुसरा प्रश्न. विजू खोट्यांची एक मोठी बहीण आहे. 'शोले' यायच्या वीस वर्षं आधीपासून ती हिंदी सिनेमात होती. नूतन, देव आनंद, राज कपूर यांच्याबरोबर तिने काम केलं आणि मेहमूदबरोबर तर अख्खं दशक गाजवलं. तिचं नाव काय?

शुभा खोटे. मोबाइलवर शोधून बघा, कुठे 'शुभा' सापडेल, कुठे 'शोभा'. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एकाच माणसाच्या दोन एन्ट्र्या आणि कुणीच त्या जोडायची तसदी घेतलेली नाही. विनोदी काम करणाऱ्या बायकांचं नाव आपण कसं जपतो, ते एवढ्यावरून कळतं.

थोडं मागे जाऊ. सुरुवात आपल्या कोल्हापुरातूनच करायची आहे. शिरोली एमआयडीसी म्हटलं की बाहेरच्या माणसाला फक्त फाउंड्री, कास्टिंग आणि मशीन शॉप आठवतात. पण हातात लोखंड आलं की काहीतरी बनवून बघायचं, हा कोल्हापूरचा गुण एमआयडीसीच्या फार आधीचा. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतः तयार केला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन 1 जून 1929 ला इथे प्रभात फिल्म कंपनी काढली. याच प्रभातने 1932 मध्ये कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला. हा पहिला मराठी बोलपट, आणि त्यातल्या तारामती म्हणजे दुर्गा खोटे.

शिकलेल्या, नावाजलेल्या घरातल्या बाईने सिनेमात काम करणं म्हणजे त्या काळी बोभाटाच. दुर्गाबाईंनी तो सहन केला आणि काम चालू ठेवलं. त्यांच्या यजमानांचे भाऊ नंदू खोटे रंगभूमीवरचे नट होते, मूकपटातही त्यांनी कामं केली. या नंदू खोट्यांची मुलं म्हणजे शुभा आणि विजू. शुभाताईंचा जन्म 30 ऑगस्ट 1937 चा, मुंबईचा. म्हणजे काकूने कोल्हापुरात जी वाट पाडली, त्या वाटेवरून वीस-बावीस वर्षांनी पुतणी चालत आली.

चालत म्हणजे खरं तर सायकलवरून! शुभाताई लहानपणापासून नाटकात होत्याच, पण त्यांचं नाव झालं ते खेळात. पोहणं आणि सायकलिंग या दोन्हींत त्या चॅम्पियन होत्या. 1955 मध्ये अमिय चक्रवर्तींच्या 'सीमा' या सिनेमातून त्या हिंदी पडद्यावर आल्या. नूतन आणि बलराज साहनींचा हा सिनेमा सुधारगृहातल्या मुलींचा आहे. शुभाताई त्यात पुतली झाल्यात. ही पुतली सायकलवर टांग टाकून एका गुंडाचा पाठलाग करते. पन्नासच्या दशकातली नायिका झाडाला टेकून उभी राहायची आणि इकडे ही मुलगी भर रस्त्यात पॅडल मारत सुटलेली. हा सीन एकदा जरूर बघा. पुढची सगळी विनोदी शुभा खोटे त्यात दिसते: अंगात वेग, चेहऱ्यावर कसलाच संकोच नाही आणि आपण सुंदर दिसतोय की नाही याची अजिबात फिकीर नाही.

'सीमा'साठी नूतनला फिल्मफेअर मिळालं. नूतनबरोबर शुभाताईंची गाठ पुढेही पडत राहिली. 1957 च्या 'पेइंग गेस्ट'मध्ये त्या नूतनची मैत्रीण चंचल आहेत. पैशासाठी म्हाताऱ्या वकिलाशी लग्न करते आणि मग मैत्रिणीच्या सुखावर जळते, असं ते पात्र. विनोदाचा त्यात लवलेश नाही, चांगली गंभीर, कडू भूमिका आहे. 1959 च्या 'अनाडी'त राज कपूर, नूतन आणि पुन्हा शुभाताई. एवढं सगळं जमत असताना त्या 'विनोदी' कशा झाल्या?

त्यासाठी त्या काळचा हिंदी सिनेमा कसा बांधला जायचा ते समजून घ्यायला हवं. पन्नाशीच्या शेवटी आणि साठीत मद्रासचे मोठे स्टुडिओ जोरात हिंदी सिनेमे काढत होते. एल. व्ही. प्रसाद यांची कंपनी होती, एस. एस. वासन यांचं जेमिनी होतं. विषय घरगुती असायचे: सासू-सून, भाऊ-बहीण, त्याग आणि भरपूर रडारड. तीन तास लोकांना नुसतं रडवलं तर कोण येणार बघायला? म्हणून मुख्य गोष्टीच्या शेजारी एक दुसरी, विनोदी गोष्ट चालायची. तिच्यातही हिरो, हिरॉईन, बाप, गाणी सगळं असायचं. ही दुसरी जोडी म्हणजे मेहमूद आणि शुभा खोटे. मुलीचा तिरसट बाप बहुतेक वेळा धुमाळ, आपले मराठी नट. 'छोटी बहन' (1959), 'ससुराल' (1961), 'हमराही', 'भरोसा' (दोन्ही 1963), 'जिद्दी' (1964), 'लव्ह इन टोकियो' (1966)... वितरकाला पोस्टरवर हे त्रिकूट दिसलं की तो निर्धास्त व्हायचा.

आता माझा खरा मुद्दा. या त्रिकुटाचा विनोद चालायचा कसा? साचा साधारण ठरलेला असतो. मुलाला मुलगी हवी, बापाला मुलगा नको. मग मुलगा वेश बदलून घरात घुसतो. 'लव्ह इन टोकियो'त तर मेहमूद चक्क गेशा बनून येतो. बाप फसतो आणि आपण हसतो. पण नीट बघा, त्या खोलीत तिघं आहेत. मेहमूद सोंग करतोय, म्हणजे त्याचं सगळं लक्ष सोंगात. धुमाळला काहीच माहीत नाही. सोंगही ठाऊक आहे आणि बापाचा रागही ठाऊक आहे, अशी एकटीच व्यक्ती तिथे आहे: ती मुलगी. तिला हसू येतंय, पण हसायचं नाही. भीती वाटतेय, पण दाखवायची नाही. बापाशी एक बोलायचं आणि डोळ्यांनी त्याला दुसरंच सांगायचं. आपण प्रेक्षक म्हणून त्या खोलीत शिरतो ते तिच्या बाजूने, कारण जे आपल्याला माहीत आहे तेच तिला माहीत आहे.

म्हणजे मेहमूद जेवढा उधळतो तेवढी त्याला धरून ठेवणारी दोरी शुभाताईंच्या हातात. त्या एक क्षण आधी हसल्या तर सीन गेला, उशिरा दचकल्या तरी गेला. यालाच टायमिंग म्हणतात. पण आपल्याला टायमिंग दिसतं ते बोलणाऱ्याचं, ऐकणाऱ्याचं कधीच नाही.

त्या काळी हे अगदीच कुणाला दिसलं नव्हतं, असंही नाही. 1961 च्या सिनेमांसाठी फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या पुरस्काराला तीन नामांकनं होती. त्यातली दोन शुभा खोट्यांची! एक 'घराना'साठी, दुसरं 'ससुराल'साठी. तिसरं नामांकन होतं 'छाया'साठी निरुपा रॉय यांचं. पुरस्कार कुणाला मिळाला? निरुपा रॉय यांना. 'छाया'तल्या आईला.

निरुपा रॉय यांचं काम वाईट होतं, असं मी मुळीच म्हणत नाही. पण एक गंमत बघा. त्याच्या पुढच्याच वर्षी सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मेहमूदला मिळाला, 'दिल तेरा दीवाना'साठी. त्या सिनेमातही शुभाताई होत्या. विनोदी भूमिकेसाठी फिल्मफेअरने वेगळा पुरस्कार सुरू केला तो 1967 मध्ये. तो पहिला पुरस्कारही मेहमूदला, 'प्यार किये जा'साठी. तोवर शुभाताईंचा त्या जोडीतला भराचा काळ मागे पडला होता. पुरुष हसवतो तेव्हा ती कला ठरते. बाईला मान मिळतो तो ती रडते तेव्हा. हा हिशोब फक्त फिल्मफेअरचा नाही, आपलाही आहे. घरात सगळ्यांत भारी नकला करणारी मावशी किंवा आत्या असतेच ना? तिला आपण 'आगाऊ' म्हणतो आणि तसल्याच नकला करणाऱ्या काकाला 'कलाकार'.

आता या जोडीची ताकद दाखवणारा एक पुरावा. 'हमराही'त शंकर-जयकिशन यांनी मेहमूद आणि शुभाताईंवर रफी-लतादीदींचं एक द्वंद्वगीत ठेवलं. टिंगलीचं नाही हं, चांगलं हळवं, जुन्या आठवणींचं गाणं. म्हणजे विनोदी जोडीला थेट हिरो-हिरॉईनचा आवाज दिला. आणि ते शोभून दिसतं, कारण 'पेइंग गेस्ट'मधली गंभीर नटी त्या विनोदी मुलीच्या आत कायम होतीच.

नायिकांचं करिअर त्या काळी लग्न झालं किंवा तिशी उलटली की संपायचं. सहायक आणि विनोदी कामं करणाऱ्या शुभाताईंचं संपलं नाही. मला वाटतं, याचं कारण त्यांच्या कामातच आहे. चेहऱ्यावर उभं असलेलं करिअर चेहऱ्याबरोबर उतरतं. टायमिंग वयाबरोबर उतरत नाही, उलट पिकतं. 1981 च्या 'एक दूजे के लिए'मध्ये त्या सपनाची आई झाल्या. पोरीच्या प्रेमाला विरोध करणारी, अशी कठोर की थिएटरात लोकांना राग यावा. वीस वर्षांपूर्वी जी मुलगी बापाच्या नजरेआडून प्रेम जमवायची, तीच आता प्रेमाच्या आड उभी!

मग आला टीव्ही. इथेही खोटे घराण्याचा धागा आहे. 1988 मध्ये दूरदर्शनवर लागलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. म्हणजे कोल्हापुरात बोलपटाच्या पहिल्या पायरीवर उभी असलेली बाई टीव्हीच्या जमान्यातही हजर. आणि 1993 मध्ये पुतणीची पाळी आली: 'जबान संभालके'. ब्रिटिश मालिका 'माइंड युवर लँग्वेज'वर बेतलेली ही मालिका. पंकज कपूर हिंदी शिकवणारे मास्तर आणि वर्गात देशोदेशीची, राज्याराज्यांची मंडळी. त्या संस्थेच्या कडक मुख्य बाई म्हणजे मिस दीक्षित, आपल्या शुभाताई. वर्गातले विठ्ठल बापूराव पोटे म्हणजे विजू खोटे. विजया म्हणजे भावना बलसावर, शुभाताईंची मुलगी. एकाच मालिकेत आई, मुलगी आणि मामा, आणि तिघांचं टायमिंग एकाच घरात घडलेलं.

मिस दीक्षित काय करतात? दार उघडून आत येतात आणि वर्ग गप्प होतो. त्या हसत नाहीत. त्या हसत नाहीत म्हणूनच बाकीचे विनोदी वाटतात. साठीतल्या सिनेमात हसू दाबणारी मुलगी, नव्वदीत हसूच न येणारी बाई. काम तेच, दुसऱ्याचा विनोद तोलून धरायचं. फक्त आता खुर्ची मोठी झाली होती.

आणि हे इथेही थांबलं नाही. 2022 मध्ये आलेल्या 'डबल एक्सएल' सिनेमात त्या हुमा कुरेशीच्या आजी आहेत. 1955 ते 2022, मोजा. सदुसष्ट वर्षं. 'सीमा' आला तेव्हा भारतात टीव्ही नव्हता. 'डबल एक्सएल' आला तोवर आपण सिनेमे खिशातल्या फोनवर बघायला लागलो होतो.

एवढ्या लांब प्रवासाचं श्रेय द्यायला आपल्याकडे शब्दच नाही. 'मेहमूदची जोडीदार', 'दुर्गाबाईंची पुतणी', 'कालियाची बहीण', या सगळ्या ओळखी खऱ्या आहेत, पण प्रत्येकीत पहिलं नाव दुसऱ्याचं. म्हणून या भागाचं शीर्षक मुद्दाम तसंच ठेवलंय. मेहमूदच्या शेजारी कोण होतं, हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी थिएटरात बसलेल्या माणसाला पडलाच नसता. त्याला नाव ठाऊक होतं. विसरलोय ते आपण.

तर या आठवड्याचा गृहपाठ. 'ससुराल' किंवा 'लव्ह इन टोकियो' लावा. मेहमूदचा सीन आला की पहिल्यांदा नेहमीसारखा बघून पोटभर हसा. मग तोच सीन मागे घ्या आणि या वेळी मेहमूदकडे अजिबात बघू नका, फक्त शुभाताईंकडे बघा. काय दिसलं ते मला कळवा. आणि घरी आजी असेल तर तिला शेजारी बसवा. मेहमूदच्या आधी ती कुणाचं नाव घेते ते बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि गाडी चालवताना ऐकत असाल तर शिरोली नाक्यावर जरा सांभाळून!