जरीपटक्याच्या भिंतींतील वीज

फाळणीनंतर सिंध प्रांत सोडून आलेल्या ज्या कुटुंबांनी नागपूरच्या उत्तर भागात, इंदोऱ्याच्या शेजारी, जरीपटका ही वसाहत वसविली, त्यांच्या उद्यमशीलतेचा वृत्तांत तेथील पेठेत उघडपणे वाचावयास मिळतो. परंतु त्याच घरांच्या भिंतींत विजेच्या तारांच्या रूपाने जो दुसरा वृत्तांत पडून आहे, त्याकडे फ्यूज उडाल्यावाचून कोणाचे लक्ष जात नाही.

त्या काळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि विजेचा कारभार १९१० च्या कायद्यान्वये चाले. ज्या १९५६ साली राजधानीचा मान गेला, त्याच साली भारतीय वीज नियमावली अमलात आली. तिच्या ४५ व्या नियमाने घरातील जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमतेचा दाखला असलेल्या इसमाच्या देखरेखीखालीच करावे, असा दंडक घातला. मात्र दिवे, पंखे, खटके आणि फ्यूज बदलण्याची मुभा घरमालकास दिली, ती जोडणीची क्षमता व स्वरूप यांत फरक पडू नये, या अटीवर. ही अट ज्याने लिहिली, त्याच्या दूरदृष्टीविषयी मला नितांत आदर वाटतो, कारण पुढील अर्धशतकात घराघरांतून मोडली गेली ती नेमकी हीच अट होय.

त्या पिढीच्या जोडणीत एक सुसंगत गणित होते. सागवानी पट्टीवर क्लिपांनी जखडलेल्या तारा दिवाबत्तीच्या सर्किटासाठी ‘एक-अठरा’ किंवा ‘तीन-बावीस’ क्रमांकाच्या (पहिला आकडा पेडांचा, दुसरा जाडीच्या गेजचा) असत, तर पॉवरच्या सर्किटासाठी ‘सात-वीस’ सारखी जाड तार घालीत. प्रचलित मानकानुसार दिव्याच्या एका सर्किटावर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, आणि पॉवरच्या सर्किटावर दोन पॉइंट व ३००० वॅट, अशी मर्यादा असे. २३० व्होल्टने भागून पाहिले, तर पहिल्याचा प्रवाह साडेतीन अँपिअरच्या आसपास येतो आणि दुसऱ्याचा तेराच्या. म्हणजे पाच व पंधरा अँपिअरचे फ्यूज आणि प्लग हे मनास येईल तसे ठरविलेले आकडे नव्हते. फ्यूजचे कर्तव्य पंख्याचे वा इस्त्रीचे रक्षण करणे हे नसून तारेचे रक्षण करणे हे आहे, आणि म्हणून तो यंत्राकडे पाहून नव्हे, तर तारेकडे पाहून निवडावयाचा असतो.

‘किटकॅट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्यूजच्या पांढऱ्या पोर्सिलेनच्या खाचेत पाच अँपिअरसाठी कल्हई केलेली तांब्याची जी तार बांधीत, तिची जाडी अवघी ०.२ मिलिमीटर असे. पंधरा अँपिअरसाठी ती अर्धा मिलिमीटर लागे. फ्यूज उडाला की दुकानातून योग्य तार आणण्याऐवजी इस्त्रीच्या जुन्या दोरीतील तांब्याचे पेड उपसून बांधण्याचा प्रघात सर्वत्र होता. त्या दोरीतील एकेक पेडही जवळपास ०.२ मिलिमीटरचाच असल्याने एकटा बांधला तर तो फारसे बिघडवीत नसे. परंतु पुन्हा उडू नये म्हणून तीन-चार पेड पिळून घातले, की फ्यूज ठणठणीत राही आणि तापावयाची पाळी भिंतीतील तारेवर येई. तांब्याच्या टंचाईमुळे साठीच्या दशकापासून घरोघर ॲल्युमिनियमच्या तारा आल्या, आणि ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू चेपत जाऊन स्क्रूपाशी सैल पडत असल्याने हे संकट अधिकच वाढले.

निर्वासितांची घरे एकदम बांधली गेली नाहीत. खोलीमागून खोली, मजल्यामागून मजला अशी ती वाढली, आणि प्रत्येक वाढीचा पॉइंट बहुधा जवळच्या बोर्डावरूनच काढला गेला. त्यात नागपूरचा उन्हाळा! २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. तारांच्या प्रवाहक्षमतेचे कोष्टक सभोवतालचे तापमान ४० अंश धरून मांडतात, त्यापुढे तारेची क्षमता घटते. म्हणजे कूलर व वातानुकूलन यंत्रे जेव्हा अहोरात्र चालतात, नेमकी तेव्हाच तार दुबळी झालेली असते.

पुढे फ्यूजच्या जागी, प्रवाह वाढताच आपोआप पडणारा खटका, म्हणजे एमसीबी, आली आणि पेड पिळण्याची सोय संपली. तरी ताळमेळाची जबाबदारी संपली नाही, कारण १६ अँपिअरची एमसीबी मानकाप्रमाणे २३ अँपिअरपर्यंतचा प्रवाह तासाभरापर्यंत सहन करू शकते, आणि वारंवार पडते म्हणून तिच्या जागी ३२ अँपिअरची बसविली, तर तो जुन्या फ्यूजचाच प्रकार नव्या वेषात होतो. जाणता वायरमन अशा वेळी एमसीबीला हात न लावता आधी बोर्ड उघडून तारेची जाडी पाहतो. दीड चौरस मिलिमीटरची तार निघाली तर त्या सर्किटावर दिवे-पंखेच ठेवतो, आणि वातानुकूलन यंत्रासाठी मुख्य पेटीपासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढून तिच्यावर २० अँपिअरची, यंत्र सुरू होतानाचा धक्का सोसणारी ‘सी’ प्रकारची एमसीबी बसवितो.