चंचुप्रवेश

पहिली नोकरी कशीबशी पदरांत पडली म्हणजे इंग्रज लोक 'दारांत पाऊल शिरलें' असें म्हणतात. दार सताड उघडण्याची गरज नसते. तें पुन्हां मिटूं नये एवढी फट पुरते. आपल्याकडील चंचुप्रवेश तो हाच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅराडे याचा चंचुप्रवेश झाला, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

फॅराडे हा लोहाराचा मुलगा. रीबो नांवाच्या पुस्तकें बांधणाऱ्या कारागिराकडे त्यानें सात वर्षें उमेदवारी केली. बांधणीस आलेलीं पुस्तकें तो नुसतीं शिवीत नसे, वाचीतहि असे. इ. स. १८१२ मध्यें दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅराडेनें टिपणें घेतलीं, तीं आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढलीं, स्वतःच्या हातानें बांधलीं आणि वर्षअखेर डेव्हीकडे पाठवून दिलीं. ज्या धंद्यांतून त्याला सुटावयाचें होतें, तोच धंदा अशा रीतीनें त्याच्या कामीं आला!

डेव्हीनें सौजन्यानें भेट दिली. परंतु जागा रिकामी नव्हती. पुस्तकबांधणीच करीत राहावें, हा त्याचा सल्ला. थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेंतील मदतनिसानें मारामारी केली व त्याला काढून टाकण्यांत आलें. ही मारामारी झाली नसती तर काय झालें असतें, हा प्रश्न कोणासहि सुचेल. पण ती झाली तेव्हां डेव्हीपाशीं आठवावयास एक नांव होतें, हेंहि विसरतां येत नाहीं. १ मार्च १८१३ रोजीं फॅराडेची नेमणूक झाली. पगार आठवड्यास २५ शिलिंग. शिवाय माळ्यावर राहावयास जागा, कोळसा आणि मेणबत्त्या.

प्रवेश मिळाला, मान मात्र मिळाला नाहीं. त्याच वर्षीं डेव्हीबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला. डेव्हीच्या खासगी नोकरानें ऐनवेळीं येण्याचें नाकारल्यामुळें त्याचींहि कामें फॅराडेवर पडलीं, आणि डेव्हीची पत्नी तर त्याला गडी म्हणूनच वागवी. परत जावें असें त्याच्या मनांत अनेकदां आलें. परंतु याच प्रवासांत त्याला पॅरिस येथें अँपिअर आणि मिलान येथें व्होल्टा भेटला.

पुढें १८२४ मध्यें रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं फॅराडेचें नांव आलें, तेव्हां सोसायटीचे अध्यक्ष डेव्हीच होते. त्यांनीं विरोध केला. मतदानांत विरुद्ध मत पडलें तें एकच, आणि फॅराडे निवडून आला.